‘हस गं’ म्हणून हसू येत नाही

भिवंडीच्या कामतघरातून आम्ही बोलतोय. वऱ्हाळा तलावाच्या आसपासच्या वस्त्यांमधले आमचे बचत गट. आमच्यात कुणी कांडी भरते, कुणी गोदामात पॅकिंगला जाते, कुणी मसाला कुटून विकते, कुणी घरी बसून ब्लाऊज शिवते. आगरी घरातल्या आहेत, घाटावरून आलेल्या आहेत, घरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बहिणी आहेत. तुमच्या गावातल्या गटापेक्षा आमचा गट काही वेगळा नाही. फक्त शेताच्या जागी आमच्याकडे लूम आहेत, आणि पाखरांच्या जागी लूमचा खडखडाट.

आज बोलायचंय फोटोवर. तुम्ही म्हणाल, फोटोत काय बोलायचं? मोबाइल धरला, बोट दाबलं, झालं. पण गटाचा माल विकायला काढलेला फोटो आणि त्या फोटोत उभी राहिलेली आपली बाई, हा विषय दिसतो तितका सोपा नाही.

आमच्या भिवंडीच्या भोवती राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडा, मानकोली अशी गावं आहेत. पूर्वी तिथं भाताची खाचरं होती, आता मैलोन्‌मैल गोदामं. मोबाइलवरून मागवलेला माल तिथून खोक्यात भरून जातो. तिथं पॅकिंगला जाणाऱ्या आमच्या बहिणी रोज बघतात, की गिऱ्हाइकानं त्या साडीला हात लावलेला नसतो, त्या कुर्त्याचा पोत बघितलेला नसतो. त्यानं बघितलेला असतो फक्त फोटो. त्या फोटोवर विश्वास ठेवून त्यानं पैसे मोजलेले असतात.

आता आपणही तेच करतो. पापडाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनासाठी बॅनर छापतो. मसाल्याच्या पाकिटावर लेबल चिकटवतो. त्यावर बाईचा चेहरा हवा असला की बाहेरून मॉडेल आणायला आपल्याकडे पैसे नसतात, आणि आणलीच तर ती आपल्या मालाची वाटत नाही. मग आपल्यातलीच एक उभी राहते. आणि इथंच गंमत होते. एरवी सबंध चाळीला हसवणारी आपली मैत्रीण कॅमेरा समोर आला की पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखी होते. खांदे कानाला लागतात, हाताचं काय करावं कळत नाही, पदर चार वेळा सारखा होतो. मग समोरून सगळ्याजणी ओरडतात, “अगं हस की!” ती हसते. पण ते हसू दातांचं असतं.

दातांचं हसू आणि मनातलं हसू यांतला फरक लहान पोरालाही कळतो. फ्रान्समधल्या ड्युशेन नावाच्या डॉक्टरांनी 1862 सालीच चेहऱ्याच्या स्नायूंवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं, की ओठ आपण ठरवून ताणू शकतो, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो आणि तो सहसा हुकमानं हलत नाही. म्हणजे ‘हस’ म्हणून सांगितलं की ओठ ऐकतात, डोळे ऐकत नाहीत. आपल्या आज्या हे पुस्तक न वाचता सांगायच्या, “तोंडानं हसतीय, डोळ्यानं नाही.”

मग डोळे हसायचे असतील तर काय करावं? आधी बाई आखडते का, ते समजून घ्यावं.

जुने फोटो आठवा. आजी-आजोबांचा लग्नानंतरचा फोटो, दोघं दगडासारखी बसलेली. ती माणसं काही कायम रागावलेली नव्हती. आपल्या मुंबईत 1854 साली फोटोग्राफीची सोसायटी निघाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर होते आणि फोटोग्राफरही होते. त्या काळी एक फोटो उमटायला कित्येक सेकंद लागायचे. तेवढा वेळ हललं की चेहरा पुसट. म्हणून मान स्थिर राहावी यासाठी डोक्यामागं लोखंडी आधार लावत. एवढा वेळ हसू कोण धरून ठेवणार? म्हणून सगळे गंभीर. त्यात भीतीही होती. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढायच्या कितीतरी आधी गुजरातेत फोटोग्राफीचा धंदा करून बघितला. तेव्हा लोकांमध्ये समज होता, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. असं वाटत असेल तर कोण मोकळं बसेल?

आज आपल्याला तसं वाटत नाही. पण आपल्या भीती वेगळ्या आहेत. आम्ही गटाच्या बैठकीत एकदा सगळ्यांना विचारलं, फोटो काढताना मनात काय येतं? उत्तरं ऐकण्यासारखी होती. “सासरे बघतील तर काय म्हणतील.” “माझा पुढचा दात पडलाय.” “मी काळी दिसते.” “फोटो कुठं कुठं जाईल?” “रात्रभर कांडीवर होते, डोळे सुजलेत.” आणि एक काकू म्हणाल्या, “मला कुणी एवढा वेळ कधी बघितलेलंच नाही गं. बघायला लागलं की वाटतं, आपलं काही चुकलंय.”

काकूंचं हे बोलणं सगळ्यांनी मनावर घेतलं. आपल्याकडं बाईकडे टक लावून बघितलं जातं ते बहुतेक वेळा दोष काढायलाच. दाखवण्याच्या कार्यक्रमात, नवी सून आल्यावर, बस स्टॉपवर. मग कॅमेऱ्याचा डोळाही तसाच वाटतो. म्हणून बाई आखडते ती लाजाळू असते म्हणून नाही. अंग स्वतःला सांभाळत असतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत. अंग ताठ होणं, घाम, शहारा, आवाज फुटणं, थरथर, रंग उडणं, आसवं आणि भान जाणं. यातला पहिलाच ‘स्तंभ’, म्हणजे खांबासारखं ताठ होणं. इतक्या जुन्या काळी शास्त्रकारांनी ओळखलं होतं, की हे भाव आतून येतात. तसा मोकळेपणाही आतूनच यावा लागतो.

आता कामाचं बोलूया. आमच्या गटांनी जे करून बघितलं आणि जे जमलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट कॅमेरा काढायच्या आधीची. विचारायचं. “ताई, तुमचा फोटो या पाकिटावर छापायचा आहे, चालेल का?” नुसतं ‘फोटो काढू का’ असं विचारू नका. कशासाठी, कुठं लागणार, किती दिवस राहणार, हे सगळं सांगा. व्हॉट्सॲपवर जाणार, की बॅनरवर, की लेबलवर? तिनं घरी विचारायचं म्हटलं तर वेळ द्या. नको म्हटलं तर का नको असं विचारून तिला कोंडीत पकडू नका. होकार मिळाला की गटाच्या ठराव वहीत दोन ओळी लिहा आणि सही घ्या. सही झाली की बाई निम्मी मोकळी होते, कारण आता तिला माहीत असतं की आपला चेहरा कुठं जाणार आहे आणि कुठं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्रपाळी करून आलेल्या बाईला सकाळी नऊ वाजता फोटोला उभं करू नका. उपाशीपोटी नको. चुलीवर दूध ठेवून आलेलीही नको. तिचं लक्ष दुधाकडं असतं आणि फोटोतही ते दिसतं. आधी चहा, मग गप्पा, मग फोटो.

तिसरी गोष्ट, खोलीत कोण आहे. हैदराबादेत लाला दीनदयाळ या नामांकित फोटोग्राफरांनी 1892 साली खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला होता. पडद्यातल्या बायका पुरुषासमोर फोटोला बसणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. आजही तेच आहे. दिराचा मित्र चांगला फोटो काढतो म्हणून त्याला बोलावलं, की आपली मैत्रीण पदराच्या आत जाते. गटातल्याच एकीला शिकवा. आणि बघे कमी ठेवा. फोटो काढणारी, जिचा फोटो ती, आणि तिची एक जवळची मैत्रीण, बस. दारात दहा जणी उभ्या राहून सूचना द्यायला लागल्या की कुणाचं ऐकावं तेच कळत नाही.

बाई कॅमेरा धरू शकते का, असं कुणी विचारलं तर होमाई व्यारावालांचं नाव सांगा. 1913 साली नवसारीत जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. साडी नेसून, खांद्यावर जड कॅमेरा घेऊन त्यांनी स्वातंत्र्याचे दिवस टिपले. आपल्या हातात तर एवढासा मोबाइल आहे.

आता प्रत्यक्ष फोटो. मोबाइलची काच आधी स्वच्छ पुसा. आपल्या बोटाला तेल, हळद, पीठ असतं, त्यानं फोटो धुरकट येतो. जागा निवडताना दार किंवा खिडकी बघा. उजेड बाजूनं तोंडावर पडावा. भर दुपारच्या उन्हात डोळे मिचकावले जातात आणि डोळ्यांखाली सावली पडते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचंही तेच. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर ओसरीत काढा. मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका. जवळून नाक मोठं दिसतं, आणि बाईलाही कुणी अंगावर आल्यासारखं वाटतं. पाच-सहा फूट लांब उभं राहा. मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. ती खाली बसली असेल तर तुम्हीही बसा. उभ्यानं खाली बघून फोटो काढला की मालक मजुराकडं बघतोय तसा फोटो येतो.

मग हात. हात रिकामे असले की माणूस बावरतो. तिला काम द्या. पापड लाटणारीला पोळपाट द्या, मसालेवालीला चाळणी, शिवणारीला सुई-दोरा. बाईचे हात त्यांचं ओळखीचं काम करायला लागले की खांदे आपोआप खाली येतात. आमच्या एका ताईंना सरळ उभं करून वीस फोटो काढले, एकही धड येईना. मग त्यांच्या हातात कांडी आणि सूत दिलं. तुटलेला धागा जोडताना त्यांचा चेहरा असा काही शांत झाला, की बघणाऱ्या सगळ्या गप्प झाल्या. तो फोटो आमच्या कापडी पिशव्यांच्या बॅनरवर आहे.

श्वासाचंही बघा. कॅमेरा दिसला की बहुतेकजणी श्वास धरतात. तिला सांगा, दोन्ही खांदे कानापर्यंत उचल आणि एकदम सोड. मोठा श्वास घे आणि फुंकर मारल्यासारखा सोड. फोटो श्वास सोडताना काढायचा. डोळे मिटले जात असतील तर म्हणा, “आता डोळे मीट, मी तीन म्हटलं की उघड.” उघडल्याबरोबर जे डोळे दिसतात ते ताजे असतात. ओठ आवळले असतील तर तिला ‘म्’ असं गुणगुणू द्या. आणि पहिले दहा फोटो कुणी बघायचेच नाहीत, असं आधीच सांगून टाका. त्या दहा फोटोंत भीती निघून जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चेहऱ्यावरचा भाव. इथं आपली बरीच गडबड होते. प्रत्येक फोटोत हसायचंच, असं आपण धरून चालतो. पण माल कुठला, तसा भाव. दिवाळीच्या फराळाला आनंद हवा. पण बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांच्या पाकिटावर खदाखदा हसणारी बाई कशाला? तिथं माया हवी. गोधडीच्या फोटोत निवांतपणा हवा. तिखटाच्या, मसाल्याच्या पाकिटावर हवी खात्री, म्हणजे ‘मी केलंय, डोळे झाकून घ्या’ असा भाव. लग्नाच्या साडीत थोडा तोरा चालतो. आपले नवरस नाटकापुरते नसतात. ते घराघरात रोज असतात.

पण “ताई, चेहऱ्यावर माया आणा” असं म्हटलं तर कुणाला येईल? भावाचं नाव सांगू नका, प्रसंग सांगा. मायेसाठी म्हणा, “लेक पहिल्यांदा बाळ घेऊन माहेरी आलीय, रिक्षातून उतरतीय, बघा तिच्याकडं.” खात्रीसाठी म्हणा, “गिऱ्हाईक विचारतंय, मसाल्यात भेसळ तर नाही ना? काय उत्तर द्याल?” मग बघा नजर कशी येते. निवांतपणासाठी म्हणा, “सगळी जेवून झोपलीत, भांडी झालीत, पाऊस पडतोय.” तोऱ्यासाठी म्हणा, “वहिनीनं विचारलं, साडी केवढ्याला घेतली?” हसू हवं असेल तर तिच्या पोरांचे चावटपणे विचारा. ती सांगायला लागली की आपण ऐकायचं, आणि ऐकता ऐकता हळूच बोट दाबायचं. कुणाच्या दुःखाचा प्रसंग मात्र फोटोसाठी उकरू नका. रडवून काढलेला फोटो चांगला आला तरी ती मैत्रीण पुढच्या वेळी येणार नाही.

आणि एक सांगतो. जो भाव हवा तो आधी आपल्या चेहऱ्यावर असावा. फोटो काढणारी कपाळाला आठ्या घालून ‘नीट उभी राहा’ म्हणते आणि समोरचीनं प्रसन्न दिसावं अशी अपेक्षा करते. कसं जमेल? तुम्ही मऊ बोला, तुमचे खांदे सैल ठेवा. मधून मधून ‘छान’, ‘असंच’, ‘हे मस्त आलं’ म्हणत राहा. गप्प राहिलात की तिला वाटतं, वाईट येतोय. चुकलं असं कधी म्हणू नका. “आता जरा खिडकीकडं बघा” म्हणा. मधेच एक चांगला आलेला फोटो तिला दाखवा. स्वतःचा चांगला फोटो बघितलेल्या बाईचा पुढचा फोटो आणखी चांगला येतो.

गौतम राजाध्यक्ष हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. 1950 साली मुंबईत जन्मलेला आपला मराठी माणूस. जाहिरात कंपनीत काम केलं आणि पुढं चेहऱ्यांचे फोटो काढणारा देशातला मोठा फोटोग्राफर झाला. लतादीदी, शबाना आझमी, माधुरी दीक्षित अशा कितीतरी जणींचे फोटो त्यांनी काढले. त्यांचं ‘फेसेस’ हे पुस्तक 1997 साली आलं. 2011 साली ते गेले. ते फोटो मिळाले तर गटात बसून बघा. उजेड मऊ असतो, भपका कमी असतो आणि नजर चेहऱ्यावरच थांबते. ज्यांना आपण पडद्यावर नटलेलं बघितलं, त्या तिथं घरातल्या माणसासमोर बसल्यासारख्या दिसतात. म्हणजे रोज कॅमेऱ्यासमोर असणाऱ्यांनाही ओळखीची, भरवशाची नजर लागते. मग पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या आपल्या मावशीला किती लागत असेल!

बायकांनी कॅमेऱ्यासमोर यावं का, हा प्रश्नही आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंखे या हॉटेलात काम करणाऱ्या पुरुषानं साडी नेसून तारामती केली. त्यानंतर फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला उभ्या राहिल्या. लोकांनी नावं ठेवली असतीलच. पण त्या दोघींमुळे पुढचीला वाट मिळाली.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. आमच्या एका गटाचा मसाला चांगला चालतो. तो मसाला ज्यांच्या हातचा, त्या ताई विधवा आहेत. लेबलवर फोटो कुणाचा, असा विषय निघाला तेव्हा काहीजणी म्हणाल्या, ज्या बनवतात त्यांचाच. दोघी-तिघी वयस्क सभासद म्हणाल्या, “तसं नको. शुभकार्याला मसाला नेतात लोक. कुंकू लावलेली कुणीतरी उभी करा, हातात पाकीट द्या, झालं.” ताई तिथंच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. सुपातली धण्याची काडी निवडत राहिल्या.

त्या दिवशी ठराव केला नाही. पुढच्या बैठकीत आम्ही हेरवाडची माहिती वाचून दाखवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. वाचून झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, “मसाला तिच्या हातचा खातो तेव्हा काही वाटत नाही, मग तोंड बघायला काय वाटायचंय?” तेवढ्यावर विषय मिटला असं नाही. एकीनं शेवटपर्यंत मान हलवली नाही. पण बहुमत झालं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ताईंना विचारलं गेलं. त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि मग हो म्हणाल्या. एक अट घातली, पाकिटावर नाव घालायचं नाही.

फोटोच्या दिवशी त्यांनी गळ्याभोवती पदर गच्च ओढून घेतला होता. मोकळा गळा दिसू नये म्हणून. कुणी पदर काढायला सांगितलं नाही. कुणी हसायलाही सांगितलं नाही. दारातल्या उजेडात बसवलं, पुढ्यात भाजलेल्या मसाल्याचं ताट ठेवलं. त्या चाळायला लागल्या. जोडीला त्यांची मैत्रीण बसली, दोघींचं बोलणं सुरू झालं, खसखस कितीला झाली, दगडफूल कुठलं चांगलं. मग मैत्रिणीनं मुद्दाम विचारलं, “तुमच्या मसाल्यात लवंग जास्त असते म्हणतात बाई लोक.” ताईंनी हातातली चाळणी थांबवली आणि वर बघितलं. “कोण म्हणतं?” पदर कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही. तो फोटो आमच्या लेबलवर आहे. त्यात हसू नाही. पण बघणाऱ्याला वाटतं, ही बाई आपल्याला फसवणार नाही. मसाल्याला आणखी काय हवं?

लेबल छापून आल्यावर ताईंनी दोन पाकिटं घरी नेली. एक मुलाला दाखवायला. दुसरं कशाला, ते आम्ही विचारलं नाही.

आता शेवटी चार पक्क्या गोष्टी. गटाच्या वहीत लिहून ठेवा.

एक, फोटोला उभं राहणं हेही काम आहे. अर्धा दिवस गेला तर अर्ध्या दिवसाची हजेरी द्या. आमच्याकडं पॅकिंगला जो दर तोच फोटोला. ‘आपलीच आहे, तिला कशाला पैसे’ असं म्हणू नका.

दोन, फोटो निवडताना तिला समोर बसवा. तिला न आवडलेला फोटो तुम्हाला कितीही आवडला तरी नको. बाकीचे फोटो तिच्यासमोर पुसून टाका, आणि मोबाइलमध्ये पुसलेल्या फोटोंचा वेगळा कप्पा असतो, तिथूनही पुसा.

तीन, गोरं करणारे फिल्टर लावू नका. सावळी बाई फोटोत गोरी केली की आपण तिला न बोलता सांगतो, तू आहेस तशी चालत नाहीस. पुढच्या वेळी ती आखडणारच. आणि गिऱ्हाईक प्रदर्शनात येऊन तिला प्रत्यक्ष बघतं तेव्हा त्याला वाटतं, चेहरा खोटा तर मालही खोटा.

चार, कुणी आपला फोटो उचलून वाईट कामाला वापरला तर गप्प बसू नका आणि त्या मैत्रिणीला बोल लावू नका. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, ज्या नंबरावरून आला तो लिहून ठेवा. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हा नंबर आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि महिलांच्या मदतीसाठी 181 आहे. पोलीस ठाण्यात जाताना तिला एकटीला पाठवू नका, गटानं सोबत जा.

पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. जोड्या करा. एकीनं मोबाइल धरायचा, दुसरीनं आपलं रोजचं काम करायचं. ‘हस’ हा शब्द बंद. ज्या तोंडातून निघेल तिनं सगळ्यांना चहा पाजायचा. मग जोडी बदला. ज्या बाईनं स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहून बघितलं, तिला दुसरीला कसं सांभाळायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही. शेवटी प्रत्येकीनं आपला एक आवडलेला फोटो सांगायचा आणि का आवडला तेही सांगायचं. आमच्याकडं या खेळात चहाचा खर्च बराच झाला. पण “मला फोटोत घेऊ नका” म्हणणाऱ्या दोघीजणी आता स्वतः मोबाइल धरतात.

मैत्रिणींनो, आपला माल चांगला असतो. तो दाखवायला आपलाच चेहरा पुरेसा आहे. फक्त त्या चेहऱ्याकडं दोष काढायला नाही, तर ओळखीनं बघणारं कुणीतरी समोर हवं. ते कुणीतरी तुमच्या गटातच बसलेलं आहे.